बॅग खाली ठेवली की हसायचं

टाचणे,

परवा तुझ्या भाचीचा फोन आला. तू गेलीस हे तिने सांगितलं आणि मी "बरं" म्हणाले. बरं काय त्यात, पण तोंडातून तेच निघालं. मग ती म्हणाली, "मावशी तुमचं फार नाव काढायची. तुम्ही लिहायचात ना? मग तिच्यावर काहीतरी छान लिहा." छान लिहिणं मला कधी जमलं नाही, हे तू तिला सांगितलेलं दिसत नाही. तशा पुष्कळ गोष्टी तुझ्या सांगायच्या राहून जायच्या.

तर लिहिते. तुला ठाऊक असलेलंही लिहिते, कारण वाचणारे तुला ओळखत नाहीत. किंवा ओळखतात, पण तुझ्या नावाने नाही. एका साप्ताहिकात मी नाट्यपरीक्षणं लिहायचे, त्यातली "शेजारीण" माझ्या वयाच्या बऱ्याच लोकांना आठवत असेल. ती शेजारीण म्हणजे तू.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत तुझं शिलाईमशीन होतं. खोलीला एकच खिडकी, तीही जिन्यात उघडणारी, त्यामुळे वर जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय तुला आधी दिसायचे आणि चेहरा मागून. तू लोकांना विजारीच्या टोकांवरून ओळखायचीस. तोंडात टाचण्या धरून तुला तासन्‌तास गप्पा मारता यायच्या, एकही खाली पडायची नाही. अंगानेही तशीच, सरळसोट आणि बारीक. टाचणी हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण तू त्याला ओ द्यायचीस आणि मीही तेच म्हणत आले.

नवं कापड तुझ्याकडे क्वचित यायचं. जुनं सैल करायचं, घट्ट करायचं, कॉलर उलटवायची, फाटलं ते झाकायचं. "लोकांची पोटं सुटतात, त्यावर माझं भागतं," म्हणायचीस. नवरा लग्नानंतर काही वर्षांनी कामाला म्हणून गेला आणि आलाच नाही. त्याचा कोट खुंटीवर राहिला. वर्षभर तू तो झटकून झटकून ठेवलास, मग एका दुपारी उसवलास आणि त्यातून भाचीला शाळेचा झगा शिवलास. "कापड चांगलं होतं हो ताई, माणूस नव्हता," एवढंच तू त्यावर बोललीस. मला तेव्हाच तू आवडलीस.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं माझं काम. "आपल्या पत्राची दखल घेण्यात आली आहे." कसली दखल नि कसलं काय! दिवसभर असं गुळगुळीत खोटं लिहिल्यावर आठवड्यातून एकदा तरी खरं लिहायला मिळावं, म्हणून मी नाटकांवर लिहायला लागले. साप्ताहिकाचे संपादक दोन जागांचा पास द्यायचे. आमच्या ह्यांना अंधारात बसवलं की दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागायचे, आणि समीक्षकाच्या शेजारचा माणूस घोरला की नटांना वाटतं तेच परीक्षण. म्हणून ह्यांच्याऐवजी मी तुला नेलं.

पहिलं नाटक राजाचं होतं. तू गळ्यात मापाची फीत तशीच घेऊन आलेलीस. शेवटच्या अंकात राजा मुलाच्या प्रेताशी गुडघे टेकतो, सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं, आणि राजाची विजार मागून टर्रकन उसवली. लोकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तू मात्र फसकन हसलीस. मग तोंडावर हात, मग त्या हातातूनही हसू, आणि शेवटी ती तुझी खास उचकी. मी घरी जाऊन लिहिलं की राजाचं दुःख इतकं तकलादू होतं की एका टाक्यासरशी संपलं, आणि हे मला नाही, माझ्या शेजारणीला आधी कळलं.

संपादकांना ते फार आवडलं. तेव्हापासून माझ्या परीक्षणाचा साचा ठरला. प्रकाशयोजना, नेपथ्य, कोणी संवाद खाल्ले, कोणी नुसत्या पाट्या टाकल्या, हे सगळं माझं. शेवटचा परिच्छेद शेजारणीचा. ती कुठे हसली, कुठे कंटाळली, कुठे तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कधीकधी मी चार रकाने झोडपून काढायचे आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहायचे, "पण शेजारीण रडली." मला वाटायचं, मी शिकलेली आहे, मला सतरा गोष्टी अडवतात. हिला काही अडवत नाही. हिचं हसू म्हणजे हसू.

"माझं काय नाव घातलंत?" तू विचारलंस.

"शेजारीण."

"हे बरंय. खोटंही नाही नि बदनामीही नाही."

गावातली मोठी नाटक कंपनी त्या राजाच्या नाटकाचीच. परीक्षण छापून आलं आणि तिचा मॅनेजर तुला शोधत आमच्या इमारतीत आला. गोड बोलणारा, टकलाला सुगंधी तेल लावणारा माणूस. मला वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, "ज्या बाईंना आमचा टाका दिसला त्यांनीच आता आमचे टाके घालावेत." कंपनीचं सगळं शिवणकाम त्याने तुला दिलं. तुझ्या खोलीत राजांचे अंगरखे, शिपायांचे डगले, म्हातारीची सोंगं. जिना चढताना खिडकीतून मखमल दिसायला लागली. तू मला हाताला धरून आत नेऊन दाखवलंस आणि म्हणालीस, "ताई, हे तुमच्यामुळे." मला मनापासून आनंद झाला होता. तो मी नाकारत नाही.

पण मी तुला त्याच दिवशी, त्या मखमलीसमोर उभं राहून बजावलं होतं. समीक्षकाने पडद्यामागे पाऊल टाकू नये हा माझा नियम होता, आणि तुझ्यासाठी मी तो सोपा करून सांगितला. "शिवायला हवं तेवढं शीव. पण तालीम बघू नकोस. बघितलीस तर मला सांग, त्या नाटकाला मी तुला नेणार नाही. प्रयोग पहिल्यांदाच बघायचा, माझ्याबरोबर."

"छे हो ताई! मला कुठे वेळ? मापं घेते आणि पळत येते."

हे तुझे शब्द. मशीनवर हात ठेवून म्हणालीस.

पुढे किती नाटकं बघितली आपण! कंपनीच्या दाराशी फळा असायचा, त्यावर ते रंगीत खडूने माझी वाक्यं लिहायला लागले. "शेजारीण खळखळून हसली!" "शेजारणीचे डोळे भरून आले!" मी नाक मुरडायचे आणि मनातून फुलायचे. तिकिटाच्या रांगेत एक बाई दुसरीला सांगत होती, "शेजारीण रडली म्हणजे चांगलं असणार, ती उगाच रडत नाही." तू माझ्या कोपराला कोपर मारलंस. आपण दोघी रांगेतून तोंड फिरवून हसलो.

एक मात्र माझ्या लक्षात यायला हवं होतं. खरोखर रंगून गेलीस की तू माझ्या बाहीचं कापड चिमटीत धरून चोळायचीस, गिऱ्हाईकाने आणलेला कपडा तपासावा तशी. पहिल्या काही नाटकांना माझ्या डाव्या बाहीची इस्त्री मोडायची. मग मोडेनाशी झाली. मला वाटलं, बाई सरावली.

आता त्या दुपारच्या प्रयोगाकडे येते.

कंपनीचं नवं विनोदी नाटक, पहिलाच प्रयोग. निघताना तू मला तुझी मोठी कात्री दिलीस, जुन्या कापडात गुंडाळून. "उद्या लेख द्यायला साप्ताहिकात जाल ना, त्याच गल्लीत धारवाला आहे. एवढी धार लावून आणा. कापड कापण्याऐवजी चावते मेली." मी ती पिशवीत टाकली. मध्यंतरापर्यंत ती माझ्या मांडीवर होती.

दुसऱ्या अंकात डॉक्टरचा प्रवेश. घरमालकाने कुणाला तरी सोफ्यावर रजईखाली लपवलेलं. डॉक्टर येतो, बॅग धप्पकन खाली ठेवतो, सोफ्यावर बसतो, विचारतो पेशंट कुठे आहे, आणि घरमालक सांगतो, "तुम्ही बसलात तोच." डॉक्टर ताडकन उडतो. असं असायला हवं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी घरमालकाचं काम करणाऱ्याने सपशेल दोन पानं खाल्ली. डॉक्टर आला, बॅग धप्पकन ठेवली, आणि घरमालकाने एकदम पुढच्याच प्रवेशातलं काहीतरी विचारलं. डॉक्टर जागच्या जागी थिजला. बसायचं की नाही हेच त्याला कळेना. पडद्यामागून कुजबुज ऐकू आली. सभागृहात कोणी खोकतही नव्हतं.

आणि त्या शांततेत तू हसलीस.

साधंसुधं नव्हे. खळखळून, मान मागे टाकून, शेवटच्या उचकीसकट. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. रंगमंचावरून डॉक्टरनेसुद्धा आपल्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? ओशाळलेपण. त्याच्या लक्षात आलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू नटाच्या तोंडाकडे बघतच नव्हतीस. तू त्याच्या कोटाच्या खालच्या कडेकडे बघत होतीस, कपाळाला आठी घालून. हसू वर, आठी खाली. तसा चेहरा मी माणसाचा बघितला नव्हता.

मध्यंतरातच मी तुला बाहेर काढलं. पायऱ्यांवर रणरणतं ऊन होतं आणि फळ्यावर तुझंच जुनं हसू खडूने लिहिलेलं.

"काय झालं गं?"

"कुठे काय? हसू आलं."

"कशाचं?"

"त्या डॉक्टरचं."

"डॉक्टर काही बोललाच नव्हता."

"चेहरा कसला केला होता त्याने!"

"तू चेहऱ्याकडे बघत नव्हतीस, टाचणे. खाली बघत होतीस."

तुझ्यातल्या शिंपिणीला राहवलं नाही. "मग काय करू? अस्तर लोंबत होतं त्या कोटाचं! नीट बसता येत नाही मेल्याला, धाडकन आदळतो सोफ्यावर. दर वेळी उसवून ठेवतो, दर वेळी मी टाके घालायचे."

"दर वेळी?" मी म्हटलं. "पहिला प्रयोग आहे. आणि आज तर तो बसलाच नाही."

तू तोंडावर हात नेलास, टाचण्या काढायला नेतात तसा. टाचण्या नव्हत्या.

मला वाटलं तू रडशील, नाकबूल करशील. तसं काही नाही. तू पदपथाकडे बघत सरळ सांगून टाकलंस, जसं गिऱ्हाईकाला सांगावं की कापड कमी पडलं. "बॅग खाली ठेवली की हसायचं, असं ठरलं होतं. माझं लक्ष अस्तराकडे. धप्प ऐकलं आणि हसले."

"कोणी ठरवलं?"

"मॅनेजरनी. रंगीत तालमीला बसवतात ना मला."

"आणखी कुठे कुठे हसायचं होतं?"

"आता हसायचं झालं. शेवटी डोळे पुसायचे. बोटाने. रुमाल नाही काढायचा."

"रुमाल का नाही?"

तू माझ्याकडे बघितलंस, आणि तुझ्या बघण्यात आश्चर्य होतं, की एवढं साधं मला कळू नये. "तुम्हाला नाही ना आवडत रुमाल काढलेला. मीच सांगितलं त्यांना. म्हटलं, ताई म्हणतात, एक थेंब पुरतो."

ते वाक्य मी एका परीक्षणात लिहिलं होतं. तुझ्याविषयी, कौतुकाने.

"कधीपासून?"

"राजाचं नाटक नाही हं. तेव्हा मी कुठे त्यांच्याकडे होते? नंतरची. त्यांची तेवढी."

"म्हणजे जवळजवळ सगळी."

"ताई, ऐका तरी. तालमीत पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोट धरून हसलेच होते मी. कोणी सांगितलं नव्हतं. तेच हसू परत हसले, एवढंच. तो नट रोज त्याच जागी रडतो तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवता. मी दुसऱ्यांदा हसले तर लबाडी?"

"तो नट आहे हे त्याने जाहिरातीत छापलंय. तू शेजारीण होतीस."

"नाही म्हटलं असतं तर कपडे दुसरीकडे गेले असते."

"मग मला सांगायचंस. 'ताई, मी तालीम बघितलीय.' एवढं एक वाक्य."

"मग तुम्ही मला नेलं नसतंत."

"नसतंच नेलं."

"तेच तर," तू म्हणालीस.

हे "तेच तर" मी पुष्कळदा उलटसुलट करून बघितलं आहे. त्यात प्रेम होतं असं माझी बहीण म्हणते. असेल. पण माझ्या शेजारी बसायला मिळावं म्हणून माझ्या शेजारी बसून मलाच फसवायचं, ही कसली माया? मी तिकडे रंगमंचावर कोण खोटं बोलतंय ते टिपत होते, आणि इकडे माझ्या कोपराला लागून एक नाटक चाललं होतं, एका प्रेक्षकासाठी, त्याच्या आवडीनिवडी विचारून बसवलेलं. ज्या कामात मी स्वतःला हुशार समजत होते नेमकं तिथेच तू मला गाठलंस.

तिसरी घंटा झाली. तू आत गेलीस. तुला जावंच लागणार होतं, डोळे पुसायचे राहिले होते. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षण दिलं, अर्ध्या नाटकाचं. शेवटचा परिच्छेद नव्हता. संपादकांनी पान उलटून मागे बघितलं. "शेजारीण कुठेय?"

"नाही आली."

"बाई, लोक नाटकासाठी नाही, तिच्यासाठी वाचतात." एवढी वर्षं हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी सगळं त्यांच्यासमोर ठेवलं, मॅनेजर, रंगीत तालीम, रुमाल. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग आता तुम्हीच लिहा की. कोणी बघायला येतंय? हसली म्हणायचं, रडली म्हणायचं."

मी म्हटलं, तसं लिहायला माझी कचेरी आहे, त्याचा पगार मिळतो. त्यानंतर दोन-चार परीक्षणं दिली, शेजारणीशिवाय. वाचकांची पत्रं आली. शेजारीण आजारी आहे का, तिचं लग्न झालं का, भांडलात का. नाटकाविषयी एकाने विचारलं नाही. सदर बंद झालं. मी बंद केलं असं मी सांगते, संपादक त्यांनी केलं असं सांगायचे.

तुझं काही बंद पडलं नाही. कंपनी चालली, मखमल येत राहिली. फळ्यावरची माझी वाक्यं पुसट झाली की मॅनेजर वरून पुन्हा खडू फिरवायला लावायचा. पुढच्या रांगेत तुला बसवत असत असं ऐकलं. जिन्यात भेटलो की तू म्हणायचीस, "ताई, बरंय ना?" मी म्हणायचे, "जरा सरक." मग भाचीचं लग्न झालं, तुझे डोळे अधू झाले आणि तू तिच्याकडे राहायला गेलीस. हातगाडीवर मशीन चढवताना तू वर खिडकीकडे बघितलंस. मी होते खिडकीत. हात मी केला नाही.

तुझ्या भाचीला छान हवंय म्हणून एक सांगते. एकदा एक फिरती मंडळी आली होती, दरिद्री पडदे, सुमार नाटक. त्यांच्याशी तुझा काही संबंध नव्हता, त्यांचे कपडे कोणी शिवलेलेच नसावेत. त्यात एक माणूस कित्येक वर्षांनी घरी येतो, काही न बोलता कोट काढतो आणि जुन्याच खुंटीला लावतो. तेव्हा तू माझी बाही इतकी घट्ट धरलीस की खांद्याची शिवण गेली. नाकाडोळ्यांतून पाणी, रुमाल काढलेला, मोठ्याने हुंदके. एक थेंब वगैरे काही नाही. मला लाज वाटली होती. नाटक इतकं टाकाऊ होतं की मी त्यावर लिहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी तू बाही शिवून वर आणून दिलीस, वर मान करून बघितलं नाहीस.

तेवढं एक खरं होतं, असं मी धरून चालते. काही दिवस तेही धरवत नाही. एकदा माणसाचं हसू खोटं निघालं की मागचं सगळंच उसवून बघावंसं वाटतं, आणि उसवून बघितलेलं पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही. हे तू मला शिकवायला हवं होतंस, तुझ्या धंद्यातलं आहे.

फोन ठेवता ठेवता तुझी भाची म्हणाली, "मावशीची मोठी कात्री तुमच्याकडे आहे का हो? धार लावायला दिलीय म्हणायची. मी शिवते थोडंफार, मला झाली असती."

मी म्हटलं, "आहे."

परीक्षण द्यायला गेले त्या दिवशी कात्री पिशवीतच होती. धारवाल्याचं चाक फिरत होतं, ठिणग्या उडत होत्या, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी थांबले नाही. नंतर तू कधी मागितली नाहीस. छोट्या कात्रीने जाड मखमल कापायचीस, त्याची करकर जिन्यात ऐकू यायची, आणि मी तशीच वर जायचे.

आज सकाळी खणातून काढली. तेच कापड, तुझी गाठ. पिशवीत घालून निघाले. दुकानात आता धारवाल्याचा मुलगा बसतो, चाक विजेवर चालतं. त्याने विचारलं, "काय आहे आजी, कात्री का?"

मी नाही म्हटलं आणि पुढे गेले.